चौथं लाकूड

अकरावीच्या मुलांना मराठी शिकवायला लागून मला एवढी वर्षं झाली आहेत, की वाक्प्रचारांचा तास मी झोपेतही घेऊ शकते. काही मुलांच्या मते मी तो तसाच घेते. ‘चौकटीबाहेरचा विचार’, ‘कायद्याच्या चौकटीत’, ‘संसाराची चौकट’ असं सगळं फळ्यावर लिहून झालं की मी विचारते, खरी चौकट कुणी पाहिली आहे का? मुलं वर्गाच्या दाराकडे बघतात. किती लाकडं आहेत तिला, मोजा. दोन उभी, एक वर, म्हणजे तीन. मग ती चौकट नव्हे, असं मी जाहीर करते. पहिल्या बाकावरचं कुणीतरी हे वहीत लिहूनही घेतं.

हे वाक्य माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. अप्पा सुतार. त्यातही फक्त चौकटी करणारे सुतार. नाशिकला मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे पत्रा, आत सागाचा भुसा आणि मधोमध अप्पा. पलंग, कपाट, टीपॉय असलं काही कुणी मागायला आलं की ते शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. चौकटीसाठी मात्र चांदवडकडून, निफाडकडून लोक ट्रॅक्टर घेऊन यायचे. अप्पा मूळचे चांदवडकडचेच, त्यामुळे आधी अर्धा तास गावाकडच्या गप्पा व्हायच्या आणि मग दाराची रुंदी विचारली जायची.

तेव्हा घर बांधताना जोत्यावर आधी चौकट उभी करत आणि मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंती चढवत. आजूबाजूला काही नाही, नुसतं मोकळं रान, आणि त्यात एकटं दार उभं. लहानपणी मी अशा दारांमधून शंभरदा आत-बाहेर केलं आहे. वरच्या लाकडाला हळदीत भिजवलेल्या फडक्यात सुपारी बांधायची, आंब्याचा डहाळा खोचायचा, मालकीणबाईंनी उंबऱ्याला हळदीकुंकू लावायचं आणि सुताराला टोपी, टॉवेल, नारळ द्यायचा. आमच्या घरात टोप्यांची कधी टंचाई झाली नाही.

एम.ए.ला असताना मी वाचलं, की चौकट म्हणजे मुळात चार काष्ठं. काष्ठातला ‘काष्ठ’पणा झिजत झिजत त्याचा नुसता ‘कट’ उरला. मी धावत दुकानात गेले आणि अप्पांना हा शोध ऐकवला. त्यांनी रंधा थांबवला नाही. “चार लाकडं असत्यात, हे शोधाया तुला एवढं शिकावं लागलं?” मग मी उंबऱ्यावर आले. उंबरा हा शब्द म्हणे उंबराच्या झाडावरून आला. यावर मात्र त्यांनी रंधा खाली ठेवला. “उंबर विहिरीच्या तळाला घालत्यात. पाण्यात टिकतो. दाराला कोण लावतंय उंबर? तुमच्या पुस्तकवाल्याला एकदा दुकानात आण.” पुस्तकवाल्याला आणणं माझ्या आवाक्यात नव्हतं. मी नाक फुगवून घरी गेले.

त्याच्याही आधीचा एक हिशेब आमच्यात बाकी होता. एकोणीस वर्षांची असताना मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘चौकटी मोडा’ या विषयावर घसा फाडून बोलले होते. स्त्रीला घातलेल्या चौकटी, रूढींच्या चौकटी, सगळ्या मी दहा मिनिटांत मोडून टाकल्या आणि पहिलं बक्षीस घेतलं. अप्पा शेवटच्या रांगेत बसले होते, भुशाने माखलेले. परत येताना सायकलच्या दांड्याला धरून माझ्याबरोबर चालत होते. गोदावरीच्या पुलापर्यंत आलो. मग म्हणाले, “मोडली चौकट. बरं झालं. मंग दार कशाला लटकवशील?”

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. उत्तर सुचलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बोलले असते.

पुढे नाशिकमध्ये इमारती उठायला लागल्या आणि बिल्डर लोक गल्लीत येऊ लागले. एकदम चाळीस चौकटी, साठ चौकटी. पण उंबरा नको. फरशी सलग हवी, झाडू सरळ फिरला पाहिजे, लाकूडही वाचतं. अप्पा म्हणायचे, “याला तीनकट म्हणा आणि दुसरीकडून करून घ्या.” आणि ते खरंच दुसरीकडून करून घेत. शेजारच्या दुकानाला मजले चढले. आमच्या दुकानाचा पत्रा तसाच राहिला. आई वैतागायची, मीही वैतागायचे. एका लाकडासाठी माणसानं एवढं हटून बसावं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. शेवटी त्यांनी दुकान बंद केलं आणि हत्यारांची पेटी उचलून घरी आणली.

आम्ही आडगाव नाक्याकडे रो-हाउस घेतलं तेव्हा बिल्डरनं बसवलेलं पुढचं दार अप्पांनी चौकटीसकट उपटून काढलं आणि स्वतःची चौकट बसवली. जुना बर्माचा साग, सांधे असे की नखही आत जाऊ नये, आणि उंबरा चांगला तीन बोटं उंच. पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या अंगठ्याचं नख गेलं. सासऱ्यांनी दिलेली भेट म्हणून तो बिचारा काही बोलला नाही, नुसता लंगडत ऑफिसला गेला. आई गेल्यावर अप्पा आमच्याकडेच राहायला आले. तेव्हापासून रोज सकाळी ते उंबरा ओलांडून बाहेर पडत, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर जुन्या सुतारमंडळींत बसत आणि जेवायच्या वेळेला परत येत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक केला. लेक माझी आणि तिच्या आजोबांची लाडकी. तिनं मोबाइलवर फ्लॅटचे फोटो दाखवले. अप्पांनी हॉल बघितला नाही, किचन बघितलं नाही. दाराचा फोटो दोन बोटांनी मोठा करून घेतला.

“खाली काय हाय?”

“खाली काही नाही आजोबा. सलग टाइल्स. माझा झाडूवाला रोबोट आहे ना, तो उंबऱ्यावर अडकतो.”

“तीन लाकडांच्या घरात मी यायचा नाय,” अप्पा म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

ती हसली. मी हसले नाही, कारण मी त्यांना जास्त वर्षं ओळखते. ते रागानं बोलले नव्हते, आणि रागानं न बोललेलं त्यांचं वाक्य कधी मागे गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

फ्लॅटचा ताबा मिळायला दोनेक महिने राहिले असतील, तेव्हा अप्पा अंगणात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आले ते दोन माणसांनी खुर्चीत बसवून उंबऱ्यावरून उचलून आणलेले. त्यानंतर वॉकर आला. वॉकर पुढे सरकवायचा आणि मागून पाय ओढायचा. पाय फरशीवरून घासत जायचा, उचलला जायचा नाही. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज म्हणायची, “आजोबा, पाय उचला, थोडासा, इतकाच.” आजोबा मान डोलवायचे आणि पाय ओढायचे. खोलीतून हॉलमध्ये, हॉलमधून दारापर्यंत. दारापाशी उंबरा होता. तिथे वॉकरचे पुढचे दोन पाय टक्‌ करून थांबायचे.

मग ते दाराच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचे. टपरीवरची मंडळी दोनदा भेटायला आली. नंतर त्यांचीही गुडघेदुखी आडवी आली. अप्पा दिवसभर रस्ता बघायचे. आधी पेपर वाचायचे, मग तोही मांडीवर घडीचा तसाच राहू लागला. जेवण निम्म्यावर आलं. व्यायाम शिकवणारी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, हे बाहेर पडले नाहीत तर हळूहळू खाटेलाच लागतील. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही उपाय शोधायला लागलो. नवऱ्यानं उताराची फळी सुचवली. पण दार आत उघडतं. आत फळी ठेवली की दार तिच्यावर आपटणार. मी म्हटलं, अप्पांना रोज खुर्चीसकट उचलू. अप्पा म्हणाले, “मला उचलून एकदाच न्यायचं. रोज रोज नाय.” मग मी सरळ म्हटलं की उंबरा काढून टाकू. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं.

“मी मेल्यावर काढा.”

मला राग लवकर येतो आणि येताना काही बघत नाही. मी म्हणाले, “आयुष्यभर या लाकडासाठी लोकांशी भांडलात, आणि आता त्यानंच तुम्हाला घरात कोंडलंय. बसा आता बघत त्याच्याकडे.” बोलल्याबरोबर कळलं, काय बोलले ते. अप्पांनी पेपर उचलला आणि उघडला. मी आत जाऊन कणीक मळली, गरजेपेक्षा दुप्पट. दोन दिवस आमच्या घरात पोळ्याच पोळ्या होत्या.

त्याच आठवड्यात माझी मुलगी आमंत्रण घेऊन आली. महिन्यानं वास्तुशांत. तिनं अप्पांपुढे पत्रिका ठेवली, खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “आजोबा, तुम्ही काय म्हणाला होता ते मला माहितेय. मी काही आग्रह करणार नाही. फक्त नारळ मी तुम्ही आल्यावर फोडणार. नाही आलात तर तो तसाच राहील.” याला आग्रह म्हणत नसतील तर आग्रह कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही. अप्पा पत्रिकेवरचा गणपती बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजमधून आले तर ते खुर्चीवर ताठ बसले होते. “माझी पेटी आण.”

पेटी माळ्यावर होती. मी ती उतरवली, पुसली. त्यांनी आतून रंधा काढला, पातं बोटानं तपासलं आणि दगडावर पाणी टाकून घासायला घेतलं. बराच वेळ घासलं. मग रंधा माझ्यासमोर धरला.

“मला खाली बसाया डॉक्टरनं नाय सांगितलंय. तू बस.”

“मी?”

“मंग कोण? चौकटी मोडायचं बक्षीस कुणाला हाय?”

एखादा सुतार बोलावला असता तर त्यानं मशीन फिरवून अर्ध्या तासात काम उरकलं असतं. मी तसं सुचवूनही पाहिलं. बाहेरचा माणूस या चौकटीला हात लावणार नाही, असं उत्तर मिळालं. उंबरा काढायचा नाही, कापायचा नाही. रंधून खाली आणायचा. सांधे शाबूत राहिले पाहिजेत, चौथं लाकूड चौथं राहिलं पाहिजे.

मी चटई टाकून उंबऱ्यापुढे गुडघ्यावर बसले. पन्नाशीच्या पुढच्या बाईनं भर दुपारी दारात गुडघ्यावर बसून लाकूड घासायचं, हे दृश्य आमच्या कॉलनीनं याआधी पाहिलं नव्हतं. समोरच्या काकू दोनदा फाटकापर्यंत येऊन गेल्या. पहिल्या दिवशी माझ्या रंध्यानं लाकडाला नुसते ओरखडे काढले. “लाकूड खाजवू नको,” अप्पा म्हणाले. “खांद्यातून ढकल. हातानं कणीक मळत्यात.” चौथ्या दिवशी पहिली सलग साल निघाली, पातळ, गुंडाळी झालेली, आणि तिच्याबरोबर दुकानाचा सगळा वास. मी ती नाकाशी धरून बसले. मला आई आठवली, पत्रा आठवला, रानातली ती एकटी दारं आठवली आणि डोळे भरून आले. अप्पा म्हणाले, “रडून झालं की डाव्या अंगाला जरा जास्त घे.”

एकदा घाम पुसत मी मनातलं विचारूनच टाकलं. “इतकी वर्षं दुकानात होते मी. कधी माझ्या हातात रंधा का दिला नाहीत? मुलगी म्हणून?”

“तू मागितला नाय,” ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या रंध्याकडे बघत, “आणि मला सुचलं नाय. मुलगा असता तर सुचलं असतं बहुतेक.” एवढं कबूल करायला त्यांना तीसेक वर्षं लागली. त्या दिवशी मी अर्धा तास जास्त रंधा मारला.

मुलांना मी ‘उंबरठे झिजवणे’ हा वाक्प्रचार कित्येकदा समजावून दिला आहे. कचेरीत खेटे घालून माणूस कसा दमतो ते अगदी अभिनयासकट. उंबरठा झिजवताना कंबर कशी धरते, ते मात्र मला माहीत नव्हतं. उभ्या लाकडांजवळ रंधा पोहोचत नाही. तिथे पटाशीनं कोरावं लागतं. त्या कोपऱ्यांत मी दोन बोटं कापून घेतली आणि वर्गात पट्ट्या बांधून खडू धरला. उंबरा खाली गेला तशी दाराखाली फट पडली. तिथे नवऱ्यानं रबराची पट्टी ठोकली आणि म्हणाला, माझ्या अंगठ्याला एकदाचा न्याय मिळाला.

रोज संध्याकाळी अप्पा वॉकर घेऊन यायचे आणि उंबऱ्याला लावून बघायचे. टक्‌. दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्‌. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी वॉकर थोडा कुरकुरला आणि पलीकडे गेला. मागून अप्पांचा पाय घासत आला, लाकडाला लागला आणि वर सरकून पार झाला. ते ओट्यावर उभे होते. मी रंधा उचलला, म्हटलं, अर्धं बोट राहिलंय, तेही काढते, म्हणजे अडणारच नाही.

“बास,” ते म्हणाले. “पाय अडाया नको. पण पायाला कळाया पायजे.”

दुसऱ्या सकाळी ते फाटकापर्यंत गेले. त्यानंतरच्या सकाळी नवऱ्यानं त्यांना धरून टपरीपर्यंत नेलं. परत आल्यावर त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

वास्तुशांतीला येणार का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा माझा धीर झाला नाही. त्या दिवशी सकाळी सहाला मी उठले तर ते अंघोळ करून, धोतर नेसून, कुणाच्या तरी चौकटीला मिळालेली कोरी टोपी घालून खुर्चीवर बसलेले. “गाडी कवा काढायची?” एवढंच.

लिफ्टनं वर गेलो. मुलीच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, बाजूला रांगोळी. पाहुणे आत होते. ती पळत दाराशी आली आणि अप्पांना बघून तिचा चेहराच फुलला. मग तिची नजर खाली गेली आणि ती ओशाळली. दाराखाली फरशीवर एक पट्टी चिकटवलेली होती. बाजारात मिळते तसली, प्लॅस्टिकची, लाकडाच्या रेषा छापलेली, मधे लक्ष्मीची पावलं. कागदापेक्षा थोडीशी जाड.

“आजोबा, खरा उंबरा सोसायटीवाले बसवू देत नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून हा. तुमच्यासाठी.”

अप्पांनी दाराचं उभं लाकूड बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. पोकळ आवाज आला. मग ते खाली बघत राहिले, त्या छापील रेषांकडे. आत गुरुजींचं चाललं होतं तेही थांबलं. आता ‘तीनकट’ म्हणतील आणि पोरीचा दिवस जाईल, असं मला वाटलं. वाट मोकळी होती. वॉकर नुसता ढकलला असता तरी सरळ आत गेला असता.

अप्पांनी वॉकर उचलला. वॉकर पट्टीच्या पलीकडे ठेवला. मग त्यांनी डाव्या हातानं चौकट धरली आणि उजवा पाय उचलला. ऑपरेशनचा पाय. जमिनीपासून वर, आमच्या घरचा उंबरा पूर्वी होता तेवढा, चांगला तीन बोटं. हवेत तो क्षणभर थांबला आणि पट्टीला न लागता आत टेकला. मागून दुसरा.

मुलीनं त्यांचा दंड धरला. ती रडत होती. “आजोबा, एवढा कशाला उचललात पाय? काही नाहीये ना खाली.”

“हाय की,” अप्पा म्हणाले. “फोड नारळ.”